साडेसातच्या वाती

एका भागात शंभर वाती होतात. हे माप मायचं.

साडेसातची मालिका लागली की ती भिंतीला पाठ टेकून बसते. पुढ्यात परात, परातीत सरकी काढून पिंजलेला देवकापूस, शेजारी वाटीत चुलीतली चाळलेली राख. चिमूटभर कापूस घ्यायचा, बोट राखेला लावायचं, तळहातावर वळायचं, झाली वात. नजर सगळा वेळ पडद्यावर. एखादी वात जाड झाली तर ते बोटांनाच कळतं आणि ती न बघताच पुन्हा उकलली जाते. जाहिराती लागल्या की वळणं थांबतं, मोजणं सुरू होतं. दहा-दहाचे दहा ढीग, मग दोऱ्यानं बांधून त्यांची एक जुडी. साडेसात ते आठ एक जुडी, आठ ते साडेआठ दुसरी.

बाबा गेले त्या साली आषाढी एकादशीला तिनं लाख वातींचा नेम धरला. लाखाला हजार जुड्या. रोजच्या दोन, म्हणजे पाचशे संध्याकाळी. पुढच्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला देवळात लावायच्या हे तिनं आधीच ठरवलेलं. माझ्या पोरीनं मोबाईलवर दिवस मोजले आणि म्हणाली, "आजी, वीस-पंचवीस संध्याकाळी कमी पडतात."

"पडू दे. रविवारी त्याइचा महाएपिसोड रायते ना."

आमच्या बारा एकरांपैकी सात एकरांत पऱ्हाटी असते. दिवाळीपासून घरात कापूसच कापूस. अंथरुणात कापूस, चहात कापूस. पण देवाच्या वातीला मायला तो चालत नाही. मागच्या दारी विहिरीजवळ देवकापसाची दोन झाडं आहेत, डोक्याच्या वर गेलेली, वर्षानुवर्षं तशीच उभी. त्यांचीच बोंडं लागतात. लाखाला ती पुरणार नव्हतीच, म्हणून मामाच्या गावाहून पिशव्या आल्या. क्विंटलानं कापूस विकणाऱ्या घरात पिशवीतून कापूस येताना पाहून शेजारची काकू आठवडाभर हसत होती.

तर मी शेतकरी माणूस, आर्वी तालुक्यातला, पन्नाशीला टेकलेला, आणि रोज संध्याकाळी मायच्या बाजूला बसून मालिका बघतो. हे लिहायला सोपं आहे, पारावर कबूल करायला अवघड. पारावर मालिका म्हणजे बायांचे धंदे. पण याच पारावर मागच्या हिवाळ्यात तुरीच्या भावाचं बोलणं चाललं असताना एक जण मधेच म्हणाला, "थो वकील काही खरा नाही बरं." कोणता वकील, हे एकानंही विचारलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. दोन-तीन क्षण गेल्यावर आपण काय केलं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि बोलणं घाईघाईनं तुरीवर परतलं.

बाबांचंही तसंच होतं. ते मालिकेपुढे कधी बसले नाहीत. शेतातून यायचे, हातपाय धुवायचे, दुपट्ट्यानं तोंड पुसत पुसत दाराच्या चौकटीला टेकायचे. तोंड पुसून व्हायला त्यांना अर्धा तास लागायचा. "लय झालं, बंद करा ते आता," असं भाग संपल्यावर म्हणायचे, संपायच्या आधी नाही. कधी जाहिरात लागली की हळूच विचारायचे, "थो पोट्टा कोठी गेला मंग?" माय उत्तर द्यायची नाही. "बसा, मंग सांगते," म्हणायची. ते बसायचे नाहीत. चौकटीवर त्यांच्या डोक्याच्या उंचीला खोबरेल तेलाचा डाग आहे. दिवाळीला रंग देतो, होळीपर्यंत तो पुन्हा वर येतो.

मायची गोष्ट वेगळी. तिला नाटकाची लाज नाही, कारण ती झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातली. माहेर ब्रह्मपुरीकडचं. तिकडे धान कापून झाला की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं. मंडई असो की शंकरपट, दिवसा बाजार आणि बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयंच आहेत, रांगेनं. जेवणं आटोपल्यावर पडदा उघडायचा तो पार पहाटेपर्यंत. बाप मेला की रडायचं, विनोदी पात्र आलं की पोट धरून हसायचं, मधे लावणी, आणि तांबडं फुटायच्या आत खलनायकाचा निकाल. लहानपणी माय आजोबांच्या खांद्यावर झोपून घरी यायची आणि शेवट दुसऱ्या दिवशी मैत्रिणींकडून ऐकायची. मालिकेबद्दल तिची तक्रार एकच आहे, आणि समीक्षकानं करावी तशी आहे: "नाटक कसं, सकाळी घरी जाय, संपलं. हे लोकं मले घरी जाऊच नाही देऊन रायले."

आमच्या गावात पहिला टीव्ही मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, वाड्यात आला. शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट, बांबूवर बांधलेली अँटेना नागपूरच्या दिशेनं. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, पण आमच्यासाठी टीव्हीचा जन्म २५ जानेवारी १९८७ चा, 'रामायण' सुरू झालं तो रविवार. मी तेव्हा अकरा वर्षांचा. त्याचं वर्णन सगळ्यांनीच केलेलं आहे, हार, अगरबत्ती वगैरे, म्हणून मी करत नाही. एवढंच सांगतो की आम्ही पोरं ओसरीत आणि काही घरची माणसं अंगणात उभी राहून बघायची, आणि कोण कुठं हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

संध्याकाळचा टीव्ही आमच्या स्वतःच्या घरात आला तो केबलबरोबर. 'आभाळमाया' आम्ही ऐकून होतो, बघितली नाही. आमच्या घरानं पहिल्यांदा धरली ती 'चार दिवस सासूचे'. २००१ मध्ये सुरू झाली, अकरा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग. शंभराच्या हिशेबानं त्या एका मालिकेत माझ्या मायच्या तीन लाख वाती झाल्या असत्या. पण ती तेव्हा वाती करत नव्हती, आणि केल्या असत्या तरी अंधारात केल्या असत्या. भारनियमनाचे दिवस होते ते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, राज्याची वीज बनते आमच्या विदर्भात, राख पडते आमच्या विदर्भात, आणि बरोबर सासू तोंड उघडायच्या वेळेला लाईन जायची आमच्याच गावची.

त्यावर मायनं तोड काढली होती. तीन कोसांवर मावशीचं गाव. तिकडे लाईन जायची वेळ वेगळी. रात्री नऊला मावशीचा फोन यायचा. मावशी आधी सगळ्या पात्रांचे कपडे सांगायची, मग कोण काय म्हणालं ते, आवाज बदलून. पडद्यावर अर्धा तास चाललेलं भांडण तिच्या तोंडून सात-आठ मिनिटांत व्हायचं आणि काहीच गळायचं नाही. एकदा लाईन गेली नाही म्हणून मायनं भाग स्वतः पाहिला आणि नाराज झाली. मावशीनं सांगितलेली मालिका जास्त चांगली होती.

आता भाषेबद्दल. हे लांबेल थोडं, पण लांबू द्या. मराठी मालिकांचा महाराष्ट्र वर्धा नदीपर्यंत येतच नाही. घरं पुण्यामुंबईची. गाव दाखवायचंच झालं तर 'तुझ्यात जीव रंगला'त कोल्हापूर, 'लागिरं झालं जी'त सातारा, 'रात्रीस खेळ चाले'त मालवणी कोकण. तिन्ही आम्ही मन लावून पाहिल्या. अण्णा नाईकांचं मालवणी मायला निम्मं कळायचं नाही, तरी ती त्यांना घाबरायची. पण आपलं कोणी नाही ही रुखरुख होतीच. आपला भाग टीव्हीवर दिसायचा तो बातम्यांत, आणि तो कशासाठी हे सांगायला नको. विनोदी कार्यक्रमांत आमची बोली होती. भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'त उभे राहिले की घरात आधीच हसू सुटायचं. पण हसवायलाच का ही भाषा? रडायला, भांडायला, प्रेमात पडायला का नाही?

२०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' लागली आणि त्यातली राधिका निघाली नागपूरची. नायिका! पहिल्या आठवड्यात ती "करून राहिली", "जाऊन राहिली" असं बोलली तेव्हा माय टीव्हीकडे सरकून बसली. शेजारची काकू तिच्या घरून ओरडली, "आयकलं का वो?" राधिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या हे पोरीनं शोधून सांगितलं तेव्हा दोघींचा विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवसापासून दोघी तिच्या बोलण्यात चुका काढू लागल्या. आधी आनंद, मग मालकी, मग तक्रार. माणूस आपलं म्हटलं की असंच होतं. मायची मुख्य हरकत मात्र बोलीवर नव्हतीच. "नागपूरची बाई हाय, मसाले विकते, अन् हिच्या भाजीवर तर्री काहून नाही दिसत?"

टीआरपी मोजताना ग्रामीण घरांचे आकडे पहिल्यांदा आले २०१५ साली. म्हणजे त्याच्या आधी माझ्या मायनं जे काही पाहिलं ते हिशेबात कुठंच नव्हतं. त्याचा आणि राधिकेचा काही संबंध असेल का, मी सांगू शकत नाही. पण तारखा अशा मागेपुढे लागलेल्या पाहून मला बरं वाटतं.

माझा एक वर्गमित्र नागपूरला असतो. पुस्तकं वाचणारा, चांगला माणूस. आला की टीव्हीकडे पाठ करून बसतो. त्याचं म्हणणं, यात काही घडतच नाही. एक बाई दार उघडते, मग तिचा चेहरा तीनदा, मग सासूचा चेहरा तीनदा, मग जाहिरात. मेलेला माणूस परत येतो, आणि येतो तोही दुसऱ्याच नटाचं तोंड घेऊन. घरात कोणी कामाला जात नाही. झोपतानाही दागिने. 'आई कुठे काय करते'ची गोष्ट तर आधी बंगालीत झाली, मग हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली, म्हणजे एकच बाई तीन भाषांत सोसते आहे. हे सगळं मला मान्य आहे. शिवाय काही मालिकांत सुनेचा छळ इतका चवीनं दाखवतात की मी उठून अंगणात जातो, ते त्याला ठाऊकही नाही.

पण काहीच घडत नाही ही त्याची तक्रार, आणि मला नेमकं तेच हवं असतं. हे त्याला समजावून सांगता आलं नाही, म्हणून इथं प्रयत्न करतो. २०१७ च्या हंगामात एका सकाळी मी पऱ्हाटीचं बोंड फोडलं. वरून हिरवंगार, टणक. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, आत अळी. तिसरं फोडायला हात होईना. त्या एका सकाळी वर्ष गेलं. पुढच्या भागात काही फिरलं नाही, कोणी खुलासा केला नाही. पेरणी दोन दिवस आधी केली की मागं, फवारणीनंतर तासाभरात पाऊस आला की नाही, कापूस आज विकला की आठ दिवसांनी, आमच्या दिवसात प्रत्येक गोष्टीला शेवट चिकटलेला असतो आणि तो आपल्या हातून झालेला असतो. असा दिवस काढून आलेल्या माणसाला संध्याकाळी असं एक घर दिसतं जिथं सोमवारी हरवलेलं पत्र शुक्रवारीही हरवलेलंच आहे. चार दिवस बघितलं नाही तरी काही बिघडलेलं नसतं. विसरलो तर सुरुवातीला ते पुन्हा दाखवतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तिथं जे काही वाईट होतं त्यात माझी काही चूक नसते.

पाठ भिंतीला लागते ती तेव्हा.

हिवाळ्यात मी फार कमी बसतो. हरभरा, गहू, तूर यांना पाणी त्याच दिवसांत द्यायचं आणि शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं येते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळी असली की जेवण करून बॅटरी, काठी, कानटोपी घेऊन निघायचं. मोटर सुरू करायची, बारं धरायचं, आणि एक वाफा भरेपर्यंत धुऱ्यावर बसायचं. विहिरीच्या कठड्यावर नेटवर्क येतं, खाली उतरलं की जातं. तर मी कठड्यावर बसून मोबाईलवर साडेसातचा भाग साडेअकराला बघतो. आवाज मुद्दाम मोठा ठेवतो. रानडुकरं फटाक्याला आताशा भीक घालत नाहीत, पण दोन जावांचं भांडण सुरू असताना हरभऱ्यात शिरलेली मी अजून पाहिली नाहीत. सकाळी घरी आलो की माय विचारते, "पायलं का?" पायलं म्हटलं की ती समाधानानं चहा ठेवते. पाणी सगळीकडे पोचलं का, हे त्यानंतर.

मधे २०२० सालचा तो काळ. मार्चमध्ये शूटिंग बंद झाली, जुलैपर्यंत नवे भाग नाहीत. खरेदीही बंद, त्यामुळे कापूस घरातच पडून. टीव्हीच्या खोलीत छतापर्यंत ढीग. टीव्ही उचलून खिडकीत ठेवला आणि आम्ही सगळे ढिगावर चढून बसलो. दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी वाड्याच्या ओसरीतून पाहिलेलं ते आता स्वतःच्या न विकलेल्या कापसावर बसून पाहत होतो. बाबा तेव्हा होते. चौकट ढिगामागे झाकली गेली होती, उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनाही बसावं लागलं. सगळ्या अंगाला खाज सुटायची, साठवलेल्या कापसाची सुटते तशी, आणि अख्खं घर खाजवत खाजवत वनवास बघायचं.

तर लाख वाती.

कार्तिकात हिशेब जुळत आला. शेवटच्या आठवड्यात माय रोजच्या तीन जुड्यांवर गेली, कारण त्याच आठवड्यात साडेसातच्या मालिकेत लग्न लागणार होतं आणि तिला दोन्ही एकदम संपवायचं होतं. मालिकेचं नाव सांगत नाही, हसाल. हे लग्न तिनं नेम धरला तेव्हा ठरलं होतं. मधे मुलाची स्मृती गेली, आली, मुलीची जुळी बहीण निघाली, पत्रिका दोनदा छापल्या. नऊशे नव्याण्णव जुड्या होईपर्यंत हळद काही लागली नव्हती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एकदाची लागली. पौर्णिमेला मुहूर्त.

पौर्णिमेला आम्ही दिवेलागणीलाच देवळात गेलो. वाती तुपात भिजवून परातींत रचल्या होत्या. पाचशे संध्याकाळचं काम ते, मला वाटलं रात्रभर पुरेल. तुपाच्या वाती त्या, एकदा धरल्या की धरल्या. भप्पकन जाळ उठला, माय दोन पावलं मागं सरली, तोंडावर उजेड, आणि पाऊण तासात परातीत काळी काजळी उरली. ती काही बोलली नाही. हात जोडून उभी होती. मग पदरानं कपाळ पुसत मला हळूच म्हणाली, "किती वाजले रे?"

आठ वाजून गेले होते.

परत येताना शेजारची काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. मायनं फाटकातूनच विचारलं, "लागलं का वो लग्न?"

"काई नाही माय," काकूनं मान वर न करता सांगितलं. "अंतरपाट धरूनच उभे हायेत अजून."